साडेबत्तीस इंचांचे हात

हार्लन विट्झके अमेरिकन फुटबॉल बघायला बसला की चेंडूकडे बघायचाच नाही. एकतीस वर्षं त्याची हीच खोड. अख्खं स्टेडियम बोंबलत असलं तरी याची नजर क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या म्होरक्याच्या, पुढे उभ्या असलेल्या पाच आडदांड गड्यांच्या पायांवर. त्यांची फळी फुटली की क्वार्टरबॅक मातीत. टिकली की टाळ्या भलत्यालाच. असे बिनटाळ्यांचे गडी कॉलेजा-कॉलेजांतून हुडकायचे आणि एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब फेरीफेरीने नवे गडी निवडतात आणि सगळ्यात मोलाचे पहिल्या फेरीत जातात तिथे, यातला कोण उचलावा हे क्लबला सांगायचं, यातच त्याचा जन्म गेला. दोन बायका सोडून गेल्या, गुडघे कामातून गेले, पण मोटेलच्या कळकट कॉफीवर माणूस टिच्चून उभा.

यंदा त्याचा जीव बसला होता डेल ओकरलुंडवर. आयोवातल्या एका लहानशा कॉलेजचा टॅकल, म्हणजे फळीच्या टोकाचा गडी. तीनशे दहा पौंडांचा देह, पण पाय कसे मांजरासारखे पडायचे! घोडं अडलं ते मापं घेताना. खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत डेलचा हात भरला साडेबत्तीस इंच. क्लबचा नवा साहेब बोहॅनन, त्याचा नियम असा की तेहेतिसाच्या आतला टॅकल निवडीच्या फळ्यावर नको. नियम अगदीच खुळा नव्हता. लांब हात अंगावर येणाऱ्याला दूर रोखतात, हे हार्लनलाही कळत होतं. पण माप म्हणजे काही डोळे नव्हेत.

ड्राफ्टला दहा दिवस उरले असताना बैठकीत डेलचं नाव निघालं. फळ्यावर त्याचं कार्ड चौथ्या फेरीच्या रांगेत होतं, हार्लननेच लावलेलं.

"हार्लन, पट्टी खोटं बोलत नाही हो," आकडेमोड सांभाळणारा तरुण प्रेस्कॉट म्हणाला.

"नाही बोलत रे बाबा. पण विचाराल तेवढंच सांगते."

हार्लनने जानेवारीतल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याची फीत लावायला सांगितली आणि पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागावर चक्क कागद चिकटवला. आता दिसत होते फक्त पाय. "दोन टोकांना दोन टॅकल. आखूड हातांचा ओळखा बघू."

सगळ्यांनी उजवीकडचा, पाय अडखळणारा, दाखवला. बोहॅनननेसुद्धा.

"त्याचे हात पस्तीस इंच आहेत. तुम्ही त्याला पहिल्या फेरीत धरलंय. डावीकडचा डेल," हार्लन म्हणाला. खोलीत कोणीतरी फिस्सकन हसलं.

बोहॅननला ते झोंबलं. "तमाशा पुरे. अहवाल घे, डेलची ग्रेड उतरव आणि ते कार्ड काढ. आणि हार्लन, करार कधी संपतात ते तुला मी सांगायला नको."

नकोच होतं. हार्लनसारख्या स्काउटांचे, म्हणजे गडी हुडकणाऱ्यांचे, करार मे महिन्यात संपतात. ड्राफ्ट उरकेपर्यंत कोणाला काढत नाहीत, नाहीतर तो पोटातली गुपितं घेऊन शत्रूच्या दारात जायचा. ड्राफ्ट झाला की मात्र नारळ.

नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या साहेबाने असंच दटावलं होतं, आणि तेव्हा हार्लनने मुकाट्याने एका चांगल्या गड्याची ग्रेड उतरवली होती. तो गडी, ल्यूथर पिकन्स, आजही शेजारच्या राज्यातल्या क्लबकडून खेळतो, वर्षातून दोनदा येऊन यांना धूळ चारतो, आणि सामन्यानंतर हार्लनचा हात हातात घेऊन म्हणतो, "एक तुम्हीच ओळखलं होतंत मला." हार्लन मान डोलवायचा आणि गाडीत बसून स्वतःलाच शिव्या घालायचा. त्या भल्या माणसाला कुठे ठाऊक, अहवालाखाली सही कोणाची होती!

हार्लनने पेन काढलं. चौथी फेरी खोडली, वर आकडा घातला, सही केली आणि कागद बोहॅननपुढे सरकवला. बोहॅनन निवांत झाला, मग कागद वाचून ताठ बसला.

"दुसरी फेरी? मी उतरव म्हणालो होतो!"

"ऐकू आलं मला. सही माझी आहे, तेव्हा लिहिणार मीच. कार्ड काढायचंय तर तुम्ही काढा. क्लब तुमचा, हात तुमचे."

बोहॅननने प्रेस्कॉटकडे पाहिलं. प्रेस्कॉटची नजर अजून पडद्यावरच्या पायांवर होती. फळ्याकडे जायला कोणीच उठेना.

"बरं," हार्लनने पुढचा अहवाल उघडला. "मे महिना यायला अवकाश आहे. अजून अकरा टॅकल बाकी आहेत. पुढचा घ्या."