पूर्ण एक मिनिट

मुलांनो, परवा दवाखान्यात सिस्टरने आजोबांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर ठोके मोजले. मग समोर ठेवलेली हृदयाची गोळी तिने उचलून परत नेली.

"आजी, ठोके बावन्नच आहेत. साठच्या खाली असले की ही द्यायची नाही, डॉक्टरांना कळवायचं."

"मी तर रोज बरोबर आठला देते. एकही दिवस चुकला नाही."

"तेच तर! हिच्या तावडीतून सुटका नाही," आजोबा पुटपुटले.

त्याआधी आठवडाभर ते सांगत होते, मळमळतंय, दिवा पिवळा दिसतोय. ते त्या गोळीनेच होत होतं, आणि मी लिंबूपाणी दिलं, वर गोळीही वेळेवर दिली. घड्याळ रोज तेच असतं, माणूस रोज तोच नसतो, हे मला सुचलंच नाही.

आता गोळी बंद आहे, तरी मला चैन नाही. चहा गाळता गाळता उठते, त्यांच्या हातातला पेपर बाजूला करते आणि मोजायला लागते.

"अगं, आत्ताच मोजलंस ना? किती झाले?"

"बोललात ना मध्येच! आता पुन्हा पहिल्यापासून," मी म्हणते, आणि मनगट सोडत नाही.