काठावरची शिकवणी

यांच्या ओल्या पंच्याला शेवाळाचा वास येई. सकाळी तळ्यावरून परतून त्यांनी तो परसातल्या दोरीवर टाकला की चुलीच्या धुरातूनही तो हिरवट, थंड वास माझ्यापर्यंत पोचे आणि भाकरी थापता थापता माझे हात अकारण संथ होत. लग्न होऊन कल्याणला आल्यापासून पाण्याशी माझा संबंध घागरीपुरता उरला होता. त्याआधी मात्र डोंबिवलीला, भाताच्या खाचरांमध्ये विसावलेल्या आमच्या त्या लहानशा गावात, वडिलांनी कमरेला वाळलेला भोपळा बांधून मला वाडीतल्या विहिरीत सोडले होते. आणि पुढे भोपळा सुटला तेव्हा तो सुटल्याचे मला कळलेसुद्धा नव्हते, इतकी मी त्या पाण्याची झाले होते.

हे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. त्या हिवाळ्यात ठाण्याच्या साहेबलोकांनी तिथल्या तलावात पोहण्याची शर्यत ठरवली. पायऱ्यांवरून उडी घ्यायची, मध्यावर नांगरलेल्या होडीला हात लावायचा आणि परतायचे. यांनी मोठ्या उमेदीने नाव दिले. अंगात बळ भरपूर, दम उत्तम. पण पोहणे असे, की पाण्यावर जणू जुना राग काढायचा आहे. पाणी भरायच्या निमित्ताने मी ते एकदा तळ्यावर पाहिले आणि रात्रभर माझे खांदे शिवशिवत राहिले.

शेवटी एका दुपारी, सासूबाई पुराणाला गेल्याची संधी साधून, मी पदर खोचला आणि माजघरातल्या लांब पाटावर सरळ पालथी झाले.

"अगं, हे काय आरंभलंस?" हे दारातच थबकले.

"बघा तरी. हात असा लांब, पुढे. पाणी पोटाखालून मांडीपर्यंत ओढून आणायचं, नुसतं थोपटायचं नाही. श्वास पाण्यात सोडायचा, आणि घेताना मान फक्त कुशीला वळवायची. वर काढायची नाही. मान वर आली की पाय बुडतात."

"मग पुढचा दिसणार कसा?"

"दिसायला कशाला हवा? निघताना एकदा नेम धरायचा. मग आपण आणि पाणी."

हे हसले, पण दुसऱ्या दिवशी तळ्यावरून आले ते डोळे चमकवीत. "मान वळवून पाहिली. खरंच हलकं वाटतं गं!" त्यानंतर दुपारची ती चोरटी शिकवणी चालू राहिली. आणि त्याच भरात एकदा ते म्हणाले, "जिंकलो, तर आईला सांगून टाकेन की हे सगळं तुझं आहे. मग डोंबिवलीला गेलीस की विहिरीत उतरायला तुला कोण अडवतं, बघू."

त्या वाक्याने माझे दिवस उजळून टाकले. आणि माझी चिडचिडही तिथूनच सुरू झाली; कारण आता त्यांची प्रत्येक चूक माझ्या वाट्याचे पाणी आटवीत होती. ते पायांची लय विसरत, मी पाटावर मूठ आपटे. सुरुवातीलाच सारा दम उधळू नका, अर्धा परतीसाठी राखा, असे बजावले की "हो, हो" म्हणत आणि सकाळी तेच करून येत. जे माझ्या अंगात होते ते शब्दांत घालून दुसऱ्याच्या अंगात ओतायचे, तेही पाण्याच्या थेंबाला न शिवता!

शर्यतीच्या दिवशी तलावावर कोवळे, पिवळसर ऊन पसरले होते. आम्हा बायकांना देवळाच्या ओवरीत जागा मिळाली होती. साहेबाने रुमाल खाली केला, आणि मी पाहिले, हे खरोखरच आडवे, लांब, शांत पोहत होते. माझा हात त्यांच्या खांद्यातून पुढे जात होता, माझा श्वास त्यांच्या कुशीने वळत होता. होडीला पहिला हात यांचाच लागला. माझ्या घशातून निघालेला आवाज मी पदरात दाबला.

आणि तिथेच यांनी मान वर काढून मागे पाहिले.

मागून खाडीकाठचा इनास नावाचा एक ख्रिस्ती तरुण येत होता. यांनी त्याला पाहिले, पुन्हा पाहिले, आणि बिथरले. पाय बुडाले, हात पाणी थोपटू लागले. तो सारा जुना राग परत आला. इनासने मात्र होडीला हात लावला, वळला, आणि पायऱ्या येईपर्यंत तोंड वर केले नाही. वीतभर अंतराने हे हरले. लोकांनी दोघांनाही डोक्यावर घेतले. मी संतापाने ओवरीच्या खांबावर मूठ आपटली.

भरतीबरोबर खाडीतून होडीने आम्ही कल्याणला परतत होतो. मिठागरांचे पांढरे ढीग संध्याकाळच्या उन्हात गुलाबी होत चालले होते. हे समाधानात होते. "दुसरा आलो म्हणजे काही थोडं नाही," ते म्हणाले.

"मागे का पाहिलंत?"

"राहवलं नाही गं. किती पुढे आहे ते कळायला नको?" मग थट्टेचा लवलेशही नसलेल्या स्वरात त्यांनी विचारले, "तू असतीस, तर जिंकली असतीस?"

उत्तर ओठांवर तयार होते. गेले कित्येक दिवस ते तयारच होते. पण ते बाहेर येईना. मी आयुष्यात कुणाबरोबर पोहलेच नव्हते. विहिरीत माझ्या पुढे कुणी नव्हते, मागे कुणी नव्हते. मान वर करण्याचे कारणच कधी पडले नव्हते. पाठीमागून कुणाच्या हातांचा आवाज जवळ येत गेला असता, तर मीही वळून पाहिले असते का?

"ठाऊक नाही," मी म्हणाले.

यांनी मान हलवली आणि ते पलीकडच्या काठाकडे पाहू लागले. नावाडी पाणी कापीत होता. इतके दिवस यांच्यावर धरलेला राग अजून तसाच होता, पण तो ठेवायला आता मला जागा सापडत नव्हती.