गाडी बंद आहे

गिरगावातल्या एका वाचनालयाने मोडीत निघालेली प्रवासी बस विकत घेऊन तिचे फिरते वाचनालय केले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. बाके काढून दोन्ही अंगांना फळ्या ठोकल्या होत्या. ब्रेक लागला की कादंबऱ्या अंगावर येत, म्हणून प्रत्येक फळीला आडवी काठी बसवली होती. कंडक्टरच्या घंटेची दोरी मात्र काढायची राहून गेली होती. हवे ते पुस्तक सापडले की वाचक ती ओढत आणि ड्रायव्हरचा पाय आपोआप क्लचवर जाई.

ड्रायव्हर मालवणकडचे होते, साठीला टेकलेले. आयुष्यभर लॉरी चालवल्यावर त्यांना हे काम मिळाले होते. सगळे त्यांना मामा म्हणत. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. मंगळवारी माझी सुटी असे आणि गाडीची घोडपदेव आणि कॉटन ग्रीनची फेरीही मंगळवारीच, त्यामुळे पुस्तकांची नोंदवही माझ्याकडे आली.

गाडीला रिव्हर्स पडत नसे. ज्या गल्लीतून पुढच्या बाजूने बाहेर पडता येणार नाही, तिथे वाचनाची कितीही आवड असली तरी गाडी जात नसे. लालबागच्या एका चाळीने हा आपला अपमान मानला होता. रेडिएटर गळका होता. घोडपदेवला चाळीच्या नळावर मामा बादली घेऊन गेले की रांगेतल्या बायका बाजूला होत, पण बोलल्याशिवाय नाही.

"द्या गं मामांना आधी. आमची पोरं काय, तहानेली राहतील."

"ही वाचते कमी नि पिते जास्त."

हँडल मारून गाडी क्वचितच सुरू होई. त्यावर मामांनीच नियम काढला होता: पुस्तक उशिरा आणणाऱ्याने दंड भरायचा नाही, धक्का मारायचा. नेहमी दोन आठवडे उशीर करणारे एक शिक्षक बाह्या दुमडून मागे उभे राहत आणि धक्का मारताना विद्यार्थी दिसला की तोंड फिरवत.

एका महिन्यात दोन फेऱ्या चुकल्या तेव्हा वाचनालयाच्या चिटणिसांचे पत्र आले. यापुढे सबळ कारणाशिवाय एकही फेरी चुकली तर गाडी भंगारात काढण्यात येईल. मामांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.

"हिका विकली तर माका कोण ठेवतलो?" एवढेच ते म्हणाले.

त्यानंतरचे पाच मंगळवार गाडी चालली. सहाव्या मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी ती घोडपदेवला वाण्याच्या दुकानासमोर थांबली. हँडल मारले, धक्के झाले. शिक्षक वेळेवर पुस्तक घेऊन आले होते, तरी त्यांनीही हात लावला. गाडी हलत होती, सुरू होत नव्हती. कॉटन ग्रीनची फेरी गेली, हे मामांना कळले होते. येणारा जाणारा काय झाले म्हणून विचारू लागला, तेव्हा त्यांनी खडू घेतला, मागच्या पत्र्यावर 'गाडी बंद आहे' असे लिहिले आणि बॉनेटमध्ये डोके घातले.

चारच्या सुमारास बातमी आली. काही कार्यकर्त्यांना अटक झाली होती आणि निषेध म्हणून हरताळाची हाक होती. गिरणी कामगारांचा एक जथा दुकाने बंद करायला सांगत आला. वाण्याने एक फळी लावली होती, बाकीच्या फळ्यांचा विचार चालला होता. जथ्यातल्या एकाने पत्र्यावरचे अक्षर वाचले.

"ए शेठ, बघ. म्हातारी बस बंद झाली, आणि तुझी तूरडाळ चालूच?"

वाण्याने उरलेल्या फळ्या लावल्या. कोणीतरी गाडीच्या आरशाला काळे फडके बांधले. मामांनी बॉनेटमधून डोके काढून पाहिले आणि परत आत घातले.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात (माझ्या नव्हे) हरताळाच्या बातमीत एक ओळ होती: वाचनालयाची फिरती गाडीही बंद होती. त्याच सकाळी मामांना बिघाड सापडला. पेट्रोलच्या टाकीचे झाकण हरवल्यापासून ते तिथे चिंधी कोंबत. तीच आत जाऊन नळीच्या तोंडाशी बसली होती.

शनिवारी कार्यकारी मंडळाने आम्हा दोघांना बोलावले. अध्यक्षांनी मला विचारले, "त्या दिवशी गाडी बंद होती?"

"होती."

"किती वाजल्यापासून?"

"तीन दहापासून."

"म्हणजे हाक यायच्या आधीच?"

"पाऊण तास आधी."

"हे ठरवलं कोणी?"

मामा म्हणाले, "गाडीनंच, साहेब."

मंडळ हसले. त्यांना तो विनय वाटला. चिटणीस मात्र मामांच्या नखांतले काळे ग्रीस पाहत होते. त्यांना सगळे कळले असावे. पण हरताळाला नाक मुरडल्याची नोंद आपल्या नावावर व्हावी, असे त्या दिवसांत गिरगावात कोणालाच वाटत नव्हते. त्यांनी ठरावाचा कागद पुढे ओढला. मला जे विचारले गेले नाही ते मी सांगितले नाही. वर्तमानपत्रात काम करणाऱ्याला हे शोभत नाही, याची मला जाणीव होती.

ठराव झाला. गाडी बंद ठेवल्याबद्दल चालकाचे अभिनंदन, गाडी पुढे चालू ठेवावी, आणि यापुढे प्रत्येक हरताळाला ती बंद राहील. मामांनी ठरावाचा फक्त मधला भाग पुन्हा वाचायला सांगितला.

पुढचा हरताळ काही आठवड्यांनी आला. सकाळी गाडी उभी असते त्या गल्लीत मी गेलो, तर इंजिन धडधडत होते. मामांनी बॅटरी बघावी म्हणून हँडल अर्धेच फिरवले होते. खिडक्यांतून माणसे बघू लागली होती.

"मामा, बंद करा. लोक बघतायत."

"स्विच बंदच आसा. हीच बंद होणा नाय."

शेवटी ब्रेकवर उभे राहून, गिअर टाकून त्यांनी ती बंद पाडली. मग खाली उतरून घाम पुसला.

"आता उद्या सुरू होवची नाय," ते म्हणाले.

झाली नाही.