अप्पा पूजेला बसलेत

दानेश्वरीबाईंना कुणी दानेश्वरीबाई म्हणत नाही. चिंचोळी एमआयडीसीतल्या कडबाकुट्टी यंत्रांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर असलेल्या या बाईंना सगळा मुलूख दानक्का म्हणतो. मुलूख म्हणजे इकडे बार्शी, तिकडे सांगोला आणि खाली पार इंडीपर्यंत. या मुलखातल्या एकाही गिऱ्हाइकाने दानक्काला डोळ्यांनी पाहिलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे कामाला येईल.

दानक्काची एक पद्धत होती. फोन उचलला की "नमस्कार" नाही, कंपनीचं नाव नाही, पहिला प्रश्न "जेवलात का?" समोरचा कानडी असला तर "ऊट आयता?" सकाळी साडेनऊला फोन केला तरी हेच. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय फोन पुढे जोडायचा नाही. नवख्याला वाटायचं, बाई भोचक आहे. पण दानक्काला त्या उत्तरातच सगळं कळायचं. "व्हय व्हय, आत्ताच झालं, तुमचं?" म्हणणारा माणूस नवीन यंत्र घेणार, त्याला विक्रीला जोडायचं. "कसलं जेवण अन् काय घेऊन बसलाय!" म्हणणाऱ्याच्या यंत्राचं पातं तुटलेलं असणार आणि तो थेट मालकाला मागणार. त्याच्यासाठी दानक्काकडे एक वाक्य तयार असायचं. "अप्पा पूजेला बसलेत."

अप्पा म्हणजे मालक, महादेवप्पा. माणूस देवासारखा, पण नाही म्हणता येत नाही. समोरच्याने आवाज चढवला की अप्पा नवं पातं, नवी मोटर आणि वर स्वतःच्या घरचं जेवण कबूल करून मोकळे. म्हणून चिडलेल्या माणसाचा फोन त्यांना द्यायचाच नाही, हे दानक्काने पहिल्या महिन्यातच ठरवून टाकलं. आणि कारण असं शोधलं की कुणाची बोलायची टाप नाही. इष्टलिंग हातात घेऊन बसलेल्या माणसाला हाक मारायची नसते, मग घराला आग लागो. वस्सकन अंगावर येणारा माणूससुद्धा "असू दे, असू दे, आमचा नमस्कार, शरणु सांगा" म्हणून फोन ठेवायचा. अप्पांची खरी पूजा सकाळी घरी व्हायची, चार मिनिटांत. पाचव्या मिनिटाला त्यांना नाष्टा लागायचा.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना अप्पांची मुलगी उत्कर्षा पुण्याहून शिकून आली आणि म्हणाली, आपल्याकडे टीमचं सॉफ्टवेअर पाहिजे. सगळ्यांचे निरोप, फोटो, कागद, कामं एकाच स्क्रीनवर. जो जागेवर आहे त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. अप्पांचा पुतण्या मल्लेश खरेदी बघायचा. तो म्हणाला, ते सॉफ्टवेअर राहू दे, आपल्याला नवी फोन सिस्टीम पाहिजे. फोन मशीनच उचलतं, मालकांसाठी एक दाबा, विक्रीसाठी दोन दाबा, दुरुस्तीसाठी तीन दाबा, माणूस लागत नाही.

माणूस लागत नाही हे वाक्य मल्लेश दानक्काच्या टेबलापुढे उभा राहून म्हणाला. वाईट मनाने नव्हे, त्याला तेवढी अक्कलच नव्हती.

मुलगी की पुतण्या, अप्पांना दोघांपैकी कुणालाच नाही म्हणता येईना. त्यांनी दोन दिवस पोट दुखतंय म्हणून काढले आणि तिसऱ्या दिवशी निकाल दिला. पंधरा दिवस दोन्ही चालवून बघू. आतल्या आत सॉफ्टवेअर, बाहेरच्यांसाठी फोन सिस्टीम. जे बरं वाटेल ते ठेवू.

"आणि मी?" दानक्काने विचारलं.

अप्पांनी टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "तुमी स्टोअरला बसा की. पगार त्योच."

स्टोअर म्हणजे पेंटच्या शेडमागची खोली. तिथे नट, बोल्ट, वॉशर आणि पाली. दानक्काच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, लेक हैदराबादला. घरी गेलं की टीव्ही बोलतो आणि आपण ऐकायचं. दिवसभराचं बोलणं काय ते त्या खुर्चीवर व्हायचं आणि आता तीन वर्षं बोल्टांशी बोलायचं! बाई संडासात जाऊन रडली. परत येताना तोंड धुऊन, टिकली नीट करून आली, कारण उत्कर्षा वाट बघत होती.

उत्कर्षाला आणखी एक काम होतं. मल्लेशच्या फोन सिस्टीमसाठी आवाज पाहिजे होता, गिऱ्हाइकांना तर दानक्काच्या आवाजाची सवय, आणि तिला विचारायचं काम अप्पांनी लेकीवर ढकललं होतं. "अक्का, तुम्हीच बोला ना. फक्त चार वाक्यं."

म्हणजे आपल्या जागेवर बसणाऱ्या मशीनला आपलाच आवाज द्यायचा. दुसरी कुणी असती तर घसा बसलाय म्हणाली असती. दानक्काला काम वाईट करताच येत नाही, हा तिचा दोष. तिने खणखणीत आवाजात विक्री सांगितली, दुरुस्ती सांगितली. मालकांच्या एक नंबरला काय बोलायचं म्हणून विचारलं तेव्हा अप्पाच केबिनमधून ओरडले, "ती रोज सांगती तेच घ्या की!"

घेतलं. उत्कर्षानेही तिकडे सॉफ्टवेअरमध्ये अप्पांच्या नावापुढे हिरवा ठिपका काढून "पूजेत" असं लिहून ठेवलं. दानक्काने आपल्या जुन्या टेलिफोन बोर्डावर टॉवेल टाकला, पाण्याची बाटली उचलली आणि ती स्टोअरला निघून गेली.

सॉफ्टवेअरने पहिल्या दिवशीच कमाल केली. वेल्डिंगच्या माणसाने पेंटवाल्याला निरोप टाकला आणि दीडशे पावलं चालत जाऊन सांगून आला की निरोप टाकलाय, बघा. पेंटवाल्याने हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि ते पोचलं का हे विचारायला तो तीच दीडशे पावलं चालत गेला. उत्कर्षाने सात गट केले होते, पण सगळे जण "कॅंटीन" नावाच्या गटातच लिहायचे, कारण तिथे माणसं जास्त. चौथ्या दिवशी मोटर जळत असल्याची बातमी आली, तिला सदतीस जणांनी हात जोडले आणि मोटर जळतच राहिली.

फोन सिस्टीमबद्दल मात्र अप्पा भलतेच खूश. दानक्का निदान शांत माणसांचे फोन तरी आत द्यायची, आता नऊ दिवसांत एकही नाही. सकाळी फोन नाही, दुपारी नाही, संध्याकाळी नाही. केबिनमध्ये नुसती शांतता. "मल्लेश, तुझं मशीन लई गुणाचं हाय बघ," असं म्हणून ते खुर्चीत पाय पसरून बसायचे.

आता ही शांतता कुठून आली ते ऐका.

बार्शीचे श्रीमंतराव हे अप्पांचे जुने डीलर. त्यांनी पहिल्या दिवशी सकाळी फोन लावला, दानक्का म्हणाली एक दाबा, म्हणून एक दाबलं. "अप्पा पूजेला बसलेत." बरं म्हणाले, ठेवला. दुपारी लावला, पूजेला बसलेत. संध्याकाळी साडेपाचला लावला, अजून पूजेलाच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी श्रीमंतराव काकुळतीला आले. "दानक्का, अहो कसली पूजा मांडलीय एवढी? आणि तुमी जेवलात का विचारलं न्हाय आज?" दानक्काचा आवाज त्याच ठेक्यात म्हणाला, अप्पा पूजेला बसलेत. श्रीमंतरावांच्या अंगावर काटा आला. म्हणजे अनुष्ठान आहे, मोठं आहे, आणि दानक्कालासुद्धा त्यापलीकडे एक शब्द बोलायची परवानगी नाही!

त्यांनी सांगोल्याला कळवलं. सांगोल्याने मंगळवेढ्याला, मंगळवेढ्याने इंडीला. प्रत्येकाने खात्री म्हणून स्वतः फोन लावला आणि प्रत्येकाला दानक्काने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तुटलेलं पातं, जळलेली मोटर यांचं कुणी नाव काढलं नाही. असल्या पुण्यवान माणसाशी पात्यावरून भांडायचं, छे!

दहाव्या दिवशी दुपारी दीड वाजता कारखान्याच्या फाटकात तीन टेम्पो थांबले. साठ-सत्तर माणसं उतरली. हातात नारळ, बेल, केळीचे घड आणि श्रीमंतरावांकडे मांडीएवढा जाड हार. वॉचमन बिरुदेव धावत केबिनमध्ये आला. "अप्पा, दर्शनाला मानसं आल्यात!"

"कुनाच्या?"

"तुमच्याच की!"

अप्पा तेव्हा पाय टेबलावर टाकून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात होते. बिरुदेवाने जे काय सांगितलं त्यातलं निम्मंच त्यांच्या डोक्यात शिरलं, तोवर पायऱ्यांवर "शरणु शरणार्थी" ऐकू आलं. उत्कर्षाने बॅगेतून विभूतीची डबी काढून बापाच्या कपाळावर पट्टे ओढले आणि अप्पा आहे त्या खुर्चीत मांडी घालून, डोळे मिटून बसले. तोंडात भाकरीचा तुकडा तसाच. भाकरी कडक, चावली तर कडाड् आवाज होणार. गिळावी तर टोकं टोचणार. अप्पांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"बघा," श्रीमंतराव कुजबुजले, "अश्रू." साठ-सत्तर डोकी खाली वाकली.

बरं, दर्शन घेऊन जावं की नाही? नाही! पूजा सुटल्याशिवाय हलायचं नाही म्हणून मंडळींनी आवारात बैठक मारली. मल्लेश पुढे होऊन म्हणाला, "पूजा झाली काकांची, निघा आता." श्रीमंतराव चवताळले. "गप ए! पोरगं हायस तू. आमी दानक्काच्या तोंडनं ऐकलंय." एकाने शंका नको म्हणून तिथेच फोन लावला, एक दाबलं आणि स्पीकर चालू केला. अप्पा पूजेला बसलेत. उत्कर्षाने टीमच्या स्क्रीनवर लिहिलं, "पूजा संपली आहे." कारखान्यातल्या एकेचाळीस जणांनी हात जोडले आणि तेही दर्शनाच्या रांगेत येऊन उभे राहिले.

पाऊण तास झाला. काचेतून दिसत होतं, अप्पांचा गाल सुजल्यासारखा झाला होता.

मल्लेश स्टोअरला पळाला. "अक्का, चला! काकांचा जीव जातोय!"

"तीनशे बेचाळीस," दानक्का हातातला बोल्ट खोक्यात टाकत म्हणाली. "थांबा, मोजणी चुकंल."

"अक्का, पाया पडतो."

मोजणी तीनशे साठला संपली, मग ती उठली. बाहेर येऊन मंडळींपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "अप्पांची पूजा झाली. उठा."

श्रीमंतरावांनी तिला खालून वर बघितलं. ठेंगणी बाई, ग्रीस लागलेला पदर, कानावर पेन्सिल. "तुमी कोन?"

"दानक्का."

"दानक्का फोनवर असती," श्रीमंतराव म्हणाले. "आवाज काढायला काय जातंय? आमच्या बार्शीत एक जण बिबट्याचा आवाज काढतो."

सव्वीस वर्षं ज्या माणसाच्या जेवणाची चौकशी केली, त्याच्या पोरीच्या बाळंतपणापासून स्वतःच्या मुतखड्यापर्यंत सगळं ऐकून घेतलं, त्याने असं म्हणावं! दानक्काला असा राग आला की कान गरम झाले. ती वळली, आत गेली, टॉवेल काढून फेकला आणि आपल्या खुर्चीत बसली. जुन्या बोर्डाची एक लाईन अजून जिवंत होती. नंबर तिला पाठ होता.

आठ पावलांवर उभ्या असलेल्या श्रीमंतरावांच्या खिशात फोन वाजला.

"श्रीमंतराव, जेवलात का?"

श्रीमंतरावांचा चेहरा असा उजळला म्हणता! "दानक्का! न्हाय ओ, अजून न्हाय, उपाशी हाय सगळे. कुटं होतात एवढे दिवस?"

"अप्पांची पूजा सुटली. केळी ठेवा आणि जेवायला जावा. आणि तुमचं तुटकं पातं पाठवून द्या, नवं मिळंल."

"सुटली रं, सुटली!" श्रीमंतराव ओरडले. साठ-सत्तर माणसं उठून उभी राहिली आणि केबिनमधून कडाड् असा आवाज आला.

टेम्पो गेल्यावर अप्पा बाहेर आले, दानक्काच्या टेबलापाशी उभे राहिले. जिभेला भाकरी टोचली होती. त्यांनी खाली पडलेला टॉवेल उचलला, घडी घातली आणि स्वतःच्या खांद्यावर टाकला.

दुसऱ्या दिवसापासून फोन पुन्हा दानक्काकडे. पण हार घातलेल्या माणसाचं काही खरं नसतं. सत्तर लोक पाया पडून गेल्यावर अप्पांना चार मिनिटांच्या पूजेची लाज वाटायला लागली. सोमवारी अकरा वाजता त्यांनी केबिनचं दार लावलं, आसन घातलं आणि खरोखर इष्टलिंग हातात घेऊन बसले.

तेवढ्यात फोन सिस्टीम विकणाऱ्या महेश्वरचा फोन आला. पंधरा दिवस झाले, मालकांनी काय ठरवलं? आमची सिस्टीम की ते सॉफ्टवेअर?

दानक्काने काचेतून पाहिलं. अप्पा डोळे मिटून बसले होते. तिने तोंड उघडलं आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य तिच्या तोंडातून निघेना. एवढं खरं कारण दिलं तर विश्वास कोण ठेवणार?

"अप्पा जेवायला गेलेत," ती म्हणाली. "तुमी जेवलात का?"