निर्भयपणे बोला

कारखान्यात चिमणीतून निघणारी धूळ मोजणं हे माझं काम होतं. रायपूरबाहेरचा लोखंडाचा कारखाना. धूळ अडवणारं यंत्र वीज वाचवायला बंद ठेवायचे. तपासणी असली की चालू. ते चालवणारे दादा आमच्याच गुढियारी मोहल्ल्यातले, मराठी. डबा आम्ही सोबत खायचो. यंत्र बंद करणं त्यांनाही पटत नव्हतं.

दरवर्षी मुख्यालयातून एक मॅडम येऊन आचारसंहिता समजावून सांगत. गैरप्रकार दिसला तर निर्भयपणे बोला, नाव गुप्त राहील, कुणी त्रास देणार नाही. मला ते खरं वाटलं. बंद यंत्राचे मोबाइलवर फोटो काढले आणि कंपनीच्या तक्रार पोर्टलवर टाकले.

थोड्याच दिवसांत प्लांटच्या साहेबांनी बोलावलं. त्यांच्या स्क्रीनवर माझेच फोटो. रागावले नाहीत, उलट चहा मागवला.

"बेटा, पहले मुझसे कहना था," एवढंच म्हणाले.

मग चौकशी समिती बसली. दादांनी तिथे सांगितलं की यंत्र बंद असलेलं त्यांनी कधी पाहिलंच नाही. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. मला विचारलं, प्लांटमध्ये मोबाइल न्यायला मनाई आहे हे माहीत होतं का? होतं. समितीला आचारसंहितेचा भंग सापडला तो एवढाच. माझी नोकरी गेली.

समता कॉलनीतल्या वकिलांकडे गेले. तक्रारदाराला संरक्षण देणारा कायदा आहे ना, असं विचारलं. ते म्हणाले, आहे, पण सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारींसाठी, आणि तोही पास होऊन लागू न होता नुसता पडून आहे. खासगी कंपनीत तक्रार कंपनीकडे, चौकशीही कंपनीची. लढता येईल, पण वर्षं जातील. सोबत आलेले बाबा ऐकत होते. घरी आल्यावर म्हणाले, "काहून गेली तू त्या भानगडीत?"

आता तेलीबांध्याला एका छोट्या ऑफिसात काम करते, पगार कमी. मागच्या महिन्यात तिथल्या तलावाकाठी दादा भेटले. बायको सोबत होती. ती पुढे गेल्यावर जवळ आले. यंत्र आता तपासणीलाही धड चालत नाही, म्हणाले. आपल्या पाऱ्यातली, मोहल्ल्यातली लहान पोट्टी खोकून राहिली आहेत.

"तू एकडाव अजून लिहून पाय ना, बाई. बाहेरच्या बाहेर, सरकारले. तुले आता काय भेव हाय?"

"तुम्ही सही कराल त्यावर?"

मले रिटायर व्हायचं हाय, असं काहीतरी पुटपुटले आणि बायकोच्या मागे गेले.

मी काही लिहिलं नाही. चिडले होते दादांवर, पण त्याहून जास्त या गोष्टीवर, की त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मला आता खरंच कसली भीती उरली नव्हती, आणि तरी लिहायला हात पुढे होत नव्हता.