फिनलंडच्या हवेलीत होडीला पाणी पाजलं

हेलेनाबाईनं दार उघडलं तेव्हा माझ्या हातात रिकामी बादली होती आणि बादलीतलं पाणी त्या हवेलीच्या जमिनीवरून चाललं होतं. जमीन लाकडाची. एकेक तुकडा नक्षीनं बसवलेला, मेणानं चकाकणारा, माझ्या पणजोबाच्या आधीचा. पाणी निवांत चाललं होतं, उतार शोधत.

ती ओरडली न्हाय. तिकडची माणसं ओरडत न्हायत. नुसता श्वास आत ओढला. मागून मॅडम आल्या. त्या आपल्याकडच्या, म्हणून त्या ओरडल्या.

"दत्ताराम! काय केलंत हे?"

एरवी मी दत्ताभाऊ असतो. राग आला की भाऊ गळून पडतो.

"होडीला पाणी पाजतोय, मॅडम."

आता ही काय भानगड ते सांगतो, न्हायतर तुम्ही मला येडा समजाल. तसा मी हायच, पण पाणी पाजण्यामुळे न्हाय.

मी रेवसच्या खाडीला होड्या बनवतो. बाप बनवायचा म्हणून मी. शाळेत घातलं होतं मला. मास्तर मला कंटाळले, मी मास्तरांना कंटाळलो. त्यांना पगार होता म्हणून ते थांबले, मी निघालो.

मॅडम किहीमला नारळाच्या वाडीत राहतात. आर्टिस्ट हायत. त्यांनी मिठागरातल्या बायकांची जुनी लुगडी जमवली, ती जोडून एक शीड शिवलं. त्या शिडासाठी माझ्याकडून खाडीत चालते तशी साधी होडी करून घेतली. फिनलंडमध्ये एका जुन्या जमीनदाराच्या हवेलीत एक्झिबिशन होतं. दिवाणखान्याच्या मधोमध आमची होडी उभी राहणार. मॅडमना असं बोलावणं पहिल्यांदाच आलेलं. केस पिकल्यावर आलं, त्या स्वतःच बोलायच्या. डोलकाठी उभारायला आणि शीड चढवायला माणूस पाहिजे, म्हणून सोबत मी.

ऑर्डर देतानाच मॅडमनी बजावलं होतं, "दत्ताभाऊ, होडी खोलीत राहणार आहे. लाकूड नीट वाळलेलं घ्या."

मी बोललो, "व्हय व्हय."

पण होडीचं लाकूड आम्ही खडखडीत वाळवत न्हाय. ती जाणार पाण्यातच, मग वाळवायचं कशाला? कान मॅडमकडे होते, हात बापाच्या सवयीनं चालले. आंब्याच्या फळ्या, जराशा ओल्याच, ठोकून दिल्या.

होडी आमच्या आधी जहाजानं गेली. अख्खा हिवाळा ती त्या हवेलीत हीटरच्या उबेला पडून होती. आम्ही पोचलो तेव्हा बाहेरचं बर्फ नुकतं वितळलेलं, पण आत हीटर चालूच. हवा एवढी कोरडी की माझे ओठ फुटले. तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं.

खोका उघडला. होडीच्या फळ्या आकसून एकमेकींपासून लांब गेलेल्या. फटीतून पलीकडचं झुंबर दिसत होतं.

मॅडम बघतच राहिल्या. "ही होडी आहे की गाळणी?"

हेलेनाबाई तिथली क्युरेटर. म्हणजे कुठली वस्तू कुठे मांडायची आणि कुठली न्हाय मांडायची, हे ठरवणारी. तिनं फटीवरून बोट फिरवलं आणि इंग्लिशमधून काहीतरी हळू आवाजात सांगितलं. मॅडमचा चेहरा उतरला.

"काय बोलली?"

"फळ्या अजून आकसल्या तर खिळ्यांजवळ चिरतील म्हणते. उद्या त्यांचा दुरुस्तीचा तज्ज्ञ येईल. तोवर कुणी हात लावायचा नाही. त्यानं नको म्हटलं तर होडी गोदामात आणि हॉलमध्ये तिचा फोटो."

"फोटो?"

"फोटो लावायला मी एवढ्या लांब आले का हो, दत्ताभाऊ?"

उद्घाटन परवावर आलेलं.

मॅडमचं मन रमावं म्हणून हेलेनाबाई आम्हाला एका चित्रकाराच्या घरी घेऊन गेली. चित्रकार कधीच वारलाय, घर त्यानं सोडलं तसंच ठेवलंय, लोक तिकीट काढून बघतात. मला वाटलं, मेलेल्या माणसाच्या घरात काय बघायचं? पण आत गेलो आणि बाहेर निघवेना.

घर सगळं ओंडक्यांचं. कोपऱ्यात खिळा न्हाय, खाच पाडून ओंडका ओंडक्यात बसवलेला, आणि मधल्या फटीत शेवाळ कोंबलेलं. आम्ही होडीच्या फटीत कापूस आणि राळ कोंबतो, हे शेवाळ. चूल छतापर्यंत, वरून खालपर्यंत टाईल्स लावलेल्या. भाकरी कुठे भाजतात ते मी चारी बाजूंनी फिरून शोधलं. भाजत न्हायत, ती फक्त घर तापवायला. चित्रकारानं दाराची मूठसुद्धा स्वतः घडवलेली. मी मूठ धरून बघितली. तिथले राखणदार हात लावू नका बोलले. बिछाना एवढा आखूड की मी विचारलं, पाय कुठे ठेवायचा हा माणूस? मॅडमनी ते पुढे विचारलं न्हाय.

मग एक खुर्ची दिसली. त्याचीच, हातची केलेली. बैठकीवर एक फळ पडलेलं, आपल्या किनाऱ्यावरच्या सुरूचं असतं तसं, पण मुठीएवढं. झाडावरून पडून खिडकीतून आत आलं असणार. मी ते उचललं, खिशात घातलं आणि बसलो.

मॅडम दातओठ खात बोलल्या, "उठा. ते फळ मुद्दाम ठेवलंय. कुणी बसू नये म्हणून."

आपल्याकडे दोरी बांधतात, पाटी लावतात. मी पाटी वाचणार न्हाय हे त्यांना आधीच कसं समजलं, कुणास ठाऊक.

परत येताना माझ्या डोक्यात फक्त फटी. आपल्याकडे होडी बरेच दिवस किनाऱ्यावर ओढून ठेवली की अशीच सुकते. मग आम्ही तिच्यात पाणी ओततो, ओली गोणपाटं टाकतो. लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी आपोआप बंद. गळेल तेवढं पाणी वाळूत जातं. झालं, एवढंच ते पाणी पाजणं.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी खाली आलो. साफसफाईच्या खोलीत बादली मिळाली. होडी भरायला लागलो. खाली वाळू न्हाय हे माझ्या लक्षात आलं, न्हाय असं न्हाय. पण तोवर दार उघडलं.

मग हेलेनाबाई, मॅडम, मी, सगळे गुडघ्यावर. टॉवेल, फडकी, माझा पंचा. त्यातच तो तज्ज्ञ आला. पेक्का नाव. दांडगा माणूस, बोलायला महाग. जमीन बघितली. मला बघितलं. मग होडीत वाकून फटीत बोट घातलं आणि काहीतरी विचारलं.

मॅडम बोलल्या, "विचारतोय, पाणी का ओतलं?"

मी हातवाऱ्यांनी दाखवलं: सुकली, पाणी प्यायली, फुगली. पोट फुगवून पण दाखवलं. पेक्का पहिल्यांदा हसला.

मॅडमनी सांगितलं, "आम्हीपण हेच करतो म्हणतोय. दर वर्षी बर्फ वितळलं की. पण तळ्यात बुडवून."

"तळं कुठाय?"

त्यानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. बागेच्या टोकाला तळं. आपली खाडी झक मारेल एवढं. आल्यापासून मी त्याच्याच काठावर बिडी ओढत होतो.

हेलेनाबाईनं मान डोलावली. होडी उचलून बागेतून खाली नेली. बुडवायला माणूस पाहिजे, तो अर्थात मी. पाण्यात पाय टाकल्यावर माझ्या तोंडून जे निघालं, त्याचं इंग्लिश मॅडमनी केलं न्हाय.

पण लाकूड काय एका दिवसात फुगत न्हाय. उद्घाटनाला दिवाणखान्याची मधली जागा मोकळी. तिथं पंखा लावून जमीन वाळवत होते. मॅडम भारी साडी नेसून त्या पंख्याशेजारी उभ्या. लोक येऊन विचारायचे, तुमचं काम कुठाय? त्या बोलायच्या, "बुडवून ठेवलंय." मी भिंतीला चिकटून होतो. दिवसभर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या न्हायत.

पुढचे काही दिवस पेक्का आणि मी रोज काठावर जाऊन बघायचो. तो त्याच्या भाषेत काही सांगायचा, मी आपल्या. एका सकाळी पाणी उपसलं आणि वाट बघितली. तळ कोरडा राहिला. पेक्कानं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मीच पाण्यात जायचा.

डोलकाठी उभी केली, शीड चढवलं. हिरवं, जांभळं, डाळिंबी लुगडं वाऱ्यानं भरलं. मॅडमनी चपला काठावर काढल्या आणि होडीत येऊन बसल्या. एका लुगड्याच्या काठावर हात ठेवून बोलल्या, "आत ती नुसती उभी राहिली असती, दत्ताभाऊ."

भाऊ परत आला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

एक्झिबिशन संपेपर्यंत होडी तळ्यातच ठेवायची, असं हेलेनाबाईनं ठरवलं. जमिनीचे काही तुकडे मात्र फुगून वर आले. ते पेक्काला उचकटून पुन्हा बसवावे लागले. आंब्याचं काय अन् त्यांचं काय, लाकूड पाणी पितंच.

मॅडमनी आता पुढची होडी पण मलाच सांगितलीय. अट एकच, होडी जाईल, मी न्हाय.

मी शिकलो ते एवढंच: परक्याच्या घरात बादली उचलायच्या आधी घरवाल्याला विचारावं. त्याच्याकडे अख्खं तळं असू शकतं.