वर्ख लावताना बोलायचं नसतं

आमचे हे कॅमेऱ्यासमोर बसायचं म्हणून तोंडाला पावडर लावून आले, आणि तिथूनच सगळं बिघडायला सुरुवात झाली.

पुण्याहून एक मुलगी आली होती. हाताने बोर्ड रंगवणाऱ्या पेंटर लोकांवर ती फिल्म करत होती. वर्ध्यात एका वकिलाच्या ऑफिसात तिला काचेवर सोन्यानं लिहिलेलं नाव दिसलं आणि विचारत विचारत ती सिंदी मेघेला आमच्या घरी पोचली. ह्यांचा आनंद काय सांगू. फ्लेक्स आल्यापासून आमच्या पुढच्या खोलीत, म्हणजे ह्यांच्या दुकानात, गिऱ्हाईक कमी आणि फुकट पेपर वाचायला येणारे जास्त. आता कोणीतरी कामाबद्दल विचारायला आलं होतं. इस्त्रीचा शर्ट निघाला, घोटून दाढी झाली, आणि जन्मभर "काऊन बे" म्हणणारा माणूस एकदम "असं आहे बघा ताई" असं पुस्तकातलं बोलायला लागला. मी आत पोहे परतत होते, मला हसू आवरत नव्हतं.

काचेवरच्या सोन्याचं काम उलटं असतं. वाचायचं पुढून, पण काम सगळं काचेच्या मागून. काच आधी खडूच्या पुडीनं घासून लख्ख करायची. मेडिकलमधून रिकामी कॅप्सूल आणून गरम पाण्यात विरघळवायची, ते पाणी काचेवर सोडायचं आणि त्यावर सोन्याचा वर्ख ठेवत जायचं. वाळला की त्या सोन्यावर काळ्या रंगानं उलटी अक्षरं काढायची आणि अक्षरांबाहेरचं सोनं पुसून टाकायचं. पुढून पाहिलं की काचेत सोन्याची अक्षरं उभी. आमच्या घरात अक्षरं ह्यांची. तसं वळण मी दुसऱ्या कोणाच्या हाताला पाहिलं नाही, हे आज चिडलेली असतानाही म्हणेन. आणि सोनं माझं.

वर्ख बोटानं उचलता येत नाही, बोटालाच चिकटून फाटतो. त्यासाठी रुंद, चपटा, मऊ केसांचा ब्रश असतो. तो आपल्याच गालावरून एकदा फिरवायचा. गालाचं तेल त्या केसांना लागतं आणि तेवढ्यावर वर्ख ब्रशला धरतो. पंखा बंद, कूलर बंद. मे महिन्यात कूलर बंद करून बसणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आणि बोलायचं नाही. तोंडातून शब्द निघाला की त्याच्या वाऱ्यानं वर्ख उडून कुठल्या कुठे जातो.

हे काम मला मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. त्यांना अर्थातच मुलाला शिकवायचं होतं. पण आमच्या ह्यांना तोंड बंद ठेवणं कधी जमलं नाही. ब्रशवर वर्ख आला की नेमकी ह्यांना कोणाची तरी गोष्ट आठवायची. एक दिवस मामाजी वैतागले. मी चहा घेऊन उभी होते. म्हणाले, "सूनबाई, तू बस इथं. तुले गप बसता येते." मी आष्टीकडची, घरी बापासमोरही मान वर न करता वाढलेली. मला तो केवढा मोठा मान वाटला.

मामाजी होते तोवर मी त्यांच्या शेजारी पुढच्या खोलीतच बसायचे. येणारे-जाणारे बघायचे. ते गेल्यावर ह्यांनी सोन्याचं काम आतल्या खोलीत हलवलं. रस्त्याची धूळ येते म्हणाले. धूळ येतच होती, मला पटलं. मेडिकलवाले, वकील, एका विहारातली वंदनेची काच, किती कामं त्या खोलीतून झाली. काचेच्या कोपऱ्यात ह्यांचं नाव जायचं. मला त्यात काही खुपलं नाही, खरंच नाही. घर एक तर नाव एक. जेवताना हे म्हणायचे, "आज सोनं जमलं हां," आणि मला ते पुरायचं. आपलं माणूस आपल्याला जाणून आहे, एवढ्यावर बाईमाणूस किती वर्षं काढू शकतं, याचा मला आता अचंबा वाटतो.

तर ती मुलगी. ह्यांनी तिला अक्षरं काढून दाखवली, ती बघतच राहिली. मग म्हणाली, काका, आता सोनं लावताना दाखवा ना. मला वाटलं, आता मला बोलावतील. मी साडी बदलून बसले होते. हो, बसले होते. खोटं कशाला बोलू.

ह्यांनी मला बोलावलं नाही. स्वतःच ब्रश उचलला आणि पावडर लावलेल्या गालावरून मोठ्या ऐटीत फिरवला. पावडरीला कुठलं तेल? वर्ख उचलेचना. दुसरा अर्धा आला आणि फाटला. तिसरा उडाला तो ह्यांच्या मिशीवर जाऊन बसला. मुलगी हसली. हे पण हसले, पण कान लाल झालेले मला दारातून दिसले. मग हाक आली, "अवं, जरा इकडं येजो. हात देजो." आणि तिच्याकडे वळून शुद्ध भाषेत, "कधीमधी घरच्यांचा हात लागतो."

मी जाऊन बसले. काचेवर पाणी सोडलं, ब्रश गालाला लावला, वर्ख अलगद आला. पाणी वाळायच्या आत काच भरायची असते, मध्ये थांबता येत नाही. मुलीनं कॅमेरा माझ्या मनगटापर्यंत आणला आणि प्रेमानं म्हणाली, "काकू, मी फक्त हात घेते हं. चेहरा नाही घेत. काका म्हणाले, तुम्हाला आवडत नाही."

मला कोणी विचारलंच नव्हतं. ब्रशवर वर्ख थरथरत होता. मी तो काचेवर ठेवला आणि पुढचा उचलला. तेवढ्यात माझ्या पाठीमागून ह्यांचा आवाज सुरू झाला. "ही कला माझ्या वडिलांनी मला दिली. आता हे काम येणारं कोणी राहिलेलं नाही. माझ्यानंतर हे करणारं कोणी नाही. माझ्यासोबतच संपणार."

मी तिथे होते. हात लांब केला असता तर त्यांच्या गुडघ्याला लागला असता. माझ्या ब्रशवर सोनं होतं आणि त्या माणसाला पक्कं माहीत होतं की ते काचेवर ठेवेपर्यंत मी तोंड उघडणार नाही, आणि ठेवलं की लगेच दुसरं उचलणार. ती वेळ त्यांनी मुद्दाम साधली की आपोआप साधली गेली, याचा मी फार विचार केला आहे. कुठलंही उत्तर धरलं तरी जीव जळतो. माझा हात हलला नाही, काच सगळी नीट भरली, याचा मला अजून राग येतो.

जाताना ती मुलगी म्हणाली, "काकू, पोहे मस्त होते."

पुढे ती फिल्म मोबाइलवर आली आणि इकडून तिकडे फिरली. नातेवाईक, ह्यांचे शाळेचे मित्र, कोण कोण पाठवत होतं. पडद्यावर माझे हात आणि वर ह्यांचा आवाज. हातात हिरव्या बांगड्या आहेत, माझ्या अंगठीला गुंडाळलेला दोरासुद्धा दिसतो. एवढ्या लोकांनी बघितलं, पेंटरच्या हातात बांगड्या कशा हे कोणाला दिसलं नाही. लोकांचं एकवेळ सोडा. आमच्या लेकीनं पुण्याहून तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, बाबा, तुमचा अभिमान आहे. ही आमची लेक त्याच आतल्या खोलीत लहानाची मोठी झाली. पंखा बंद आहे म्हणून माझ्याशी भांडलेली आहे.

मी फोन केला. म्हटलं, तुला माहीत नाही का ते हात कोणाचे? "माहीत आहे गं आई," ती म्हणाली, "जाऊ दे ना. बाबांना किती दिवसांनी एवढं खूश पाहिलं." म्हटलं, आणि मी? तर म्हणते, "तुला कुठे असलं काही हवं असतं?" मी फोन ठेवला. ती माझ्यावर माया करते हे मला माहीत आहे, म्हणून तर ते वाक्य जास्त लागलं.

ह्यांना मी जेवताना धरलं. "तुमच्यानंतर करणारं कोणी नाई म्हणाले तुम्ही. मी काय मेली का?"

"बोलाची पद्धत असते थे," हे म्हणाले. "पेपरातही असंच लिहितात."

"पद्धत नका सांगू मले. माह्यं नाव काऊन नाई घेतलं?"

ह्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग जे बोलले ते त्यांनाही बोलायचं नसावं. "तुयं नाव घेतलं असतं तं लोकायनं मले काय म्हटलं असतं? बापानं पोराले सोडून सुनेले शिकवलं. पोराले आलंच नाई. इतके वर्षं म्या हेच झाकून राह्यलो, अन् आता कॅमेऱ्यासमोर उघडं करू?"

मी आजवर समजत होते की माझं नाव घ्यायचं त्यांच्याकडून राहून गेलं आहे. माणसांकडून राहून जातं. पण हे राहून गेलेलं नव्हतं, झाकून ठेवलेलं होतं. मग एकेक उलगडत गेलं. काम आत का हलवलं. गिऱ्हाईक आलं की मधला पडदा का ओढला जायचा. काच बघायला कोणी आत डोकावलं तर हे घाईनं का उठायचे. रस्त्याची धूळ! मीच तो पडदा शिवला होता आणि मीच तो दर दिवाळीला धुवायचे.

त्या फिल्ममुळेच देवळीच्या एका सराफाचं काम आलं. नव्या दुकानाच्या दाराला सोन्याची अक्षरं हवी होती. ह्यांनी कागदावर इतकी देखणी अक्षरं काढली की राग विसरून मी दोनदा जाऊन बघून आले. काच आतल्या खोलीत लागली. कॅप्सूलचं पाणी, वर्ख, ब्रश, सगळं मांडून झालं. पंखा ह्यांनी स्वतः बंद केला. मला ये म्हणाले नाहीत, पण मांडणी माझीच होती, ब्रश माझ्या उजव्या हाताला येईल असा ठेवलेला.

मी दारात उभी राहिले. म्हटलं, "मी बसतो. पण सराफ काच न्याले येईन तवा त्याले सांगजा, सोनं हिनं लावलं. बाकी कोणाले नका सांगू. त्या एकाले सांगा."

हे माझ्या बाजूनं आत गेले आणि दार लोटून घेतलं.

मी स्वयंपाकघरात डाळ निवडत बसले. आतलं सगळं ऐकू येत होतं. पाणी सोडल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मग "अरे". पुन्हा "अरे". मग हात झटकल्याचा आवाज. मला न बघता कळत होतं की वर्ख दुमडला, पाणी वाळायला लागलं, आता कडेला सुरकुती पडली असणार. एक हाक मारली असती तर मी गेले असते. अट-बिट सगळं टाकून गेले असते. "अवं, येजो" इतकंच म्हणायचं होतं. डाळ निवडून झाली तरी मी तिथेच बसून होते.

हे बाहेर आले तेव्हा शर्टावर, केसांत, भुवयांवर सोन्याचे कण होते. मोरीत जाऊन तोंड धुतलं. मग माझ्यासमोरच सराफाला फोन लावला. "दाराले सोनं टिकत नाई जी. येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात लागते. सोनेरी रेडियम लावून देतो, एकदम चमकते."

रेडियम म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षर टाकून मशीननं कापलेलं स्टिकर. मोटरसायकलच्या नंबरप्लेटला लावतात ते. रेडियमच्या दुकानावरून जाताना हा माणूस तोंड फिरवायचा. दुसऱ्या दिवशी वर्ध्याहून ती गुंडाळी घेऊन आले आणि त्याच काचेवर चिकटवली. अक्षरही मशीनचं होतं, गुळगुळीत, कोणाचंही. स्वतः काढलेला कागद त्यांनी पलंगाखाली सरकवला. एका परक्या माणसासमोर बायकोचं नाव घेण्यापेक्षा त्यांना स्वतःचं अक्षर सोडणं सोपं गेलं. एवढं मोठं होतं ते माझं नाव.

सराफ गाडी घेऊन आला. चांगला माणूस, हसतमुख. चमक बघून खूश झाला. मी पाणी नेलं तर मला म्हणाला, "काकू, व्हिडिओ पाह्यला मी काकांचा. काय हात आहे बाप्पा!"

"व्हिडिओतले हात माह्ये हायेत," मी म्हटलं.

पेला हातात धरून त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी हसून मान हलवली, जसं काही मी गंमत केली. तसा तोही हसला. मग दोघांनी मिळून काच उचलली आणि जपून गाडीत ठेवली.